कवेलूचं घर, टिनाचं घर, स्लॅबचं घर

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जाणं कुणाला नवं नाही. अशा दुपारी टिनाच्या छपराखालचा माणूस खाट उचलून निंबाखाली येतो आणि स्लॅबच्या घरातला कूलरच्या टाकीत बादल्या ओततो. गावात ज्यांचं मातीच्या भिंतींचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर अजून उभं आहे, त्यांच्या माजघरात शेजारची म्हातारी माणसं दुपार काढायला येतात. पण त्याच घराच्या मालकाला विचारलं तर त्याला ते घर नको असतं. सरकारी घरकुलाच्या यादीत नाव लागावं म्हणून तो वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीत खेटे घालत असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मातीच्या घराचं कौतुक करणारे पहिलीच सांगतात आणि घरकुलांचे आकडे मांडणारे दुसरीच. घर का बदललं हे समजून घ्यायचं असेल तर मला वाटतं आधी शेताकडे पाहावं लागेल. वर्ध्याचं जुनं घर शेतातून निघत होतं. शेत बदललं आणि घराचं सामान संपलं.

जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा. त्या खडकाची झीज होऊन झालेली काळी जमीन कापसाला उत्तम आणि घराला वाईट. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून गावं मुरमाड उंचवट्यावर वसली. शेती ती काळी आणि वस्ती ती पांढरी, ही विभागणी महाराष्ट्रभर आहे. पांढरीची माती म्हणजे पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, भुसा यांची पिढ्यान्‌पिढ्या मिळून झालेली भुरकट, मऊ माती. पुरातत्त्वाचे अभ्यासक जुन्या वस्तीची जागा अशा पांढरीच्या टेकाडांवरूनच ओळखतात. ती काळीसारखी फुगत नाही आणि भिंतीवर चांगली धरते. पडलेल्या घराची माती पुढच्या घराच्या भिंतीत जात होती.

भिंती दोन तऱ्हेच्या. ज्याची ऐपत होती त्याच्या घराची भिंत हात-दीड हात जाडीची, मातीच्या थरांची. मातीत कुटार म्हणजे भुसा टाकायचा, पाणी सोडायचं, पायांनी तुडवून गारा करायचा आणि हातभर उंचीचा थर घालून तो वाळू द्यायचा. मग त्यावर दुसरा. ज्याची ऐपत नव्हती त्याचं घर कुडाचं. बाभळीच्या किंवा निंबाच्या बल्ल्या रोवायच्या, मधे तुराट्या, पऱ्हाट्या किंवा बांबूच्या कमच्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीचा लेप द्यायचा. तूर आणि कापूस ही इथली पिकं, त्यामुळे कुडाचं सामान दरवर्षी शेतातच तयार व्हायचं. आर्वी, आष्टी, कारंजा या भागांतल्या जंगलांमुळे सागवानही फार लांबून आणावं लागत नव्हतं. मालगुजारांच्या आणि मोठ्या शेतकऱ्यांच्या वाड्यांत सागाचे खांब, मयाली (तुळया) आणि कोरीव दारं असत. घराचा भार या लाकडी सांगाड्यावर असे आणि भिंत बहुतेक वेळा नुसता आडोसा. जमीन थोडी हलली तरी असा सांगाडा सैल होऊन तो हलणं सोसतो.

घरात शिरताना आधी आंगण लागतं, मग छपरी. छपरी म्हणजे पुढून उघडी, खांबांवरची लांबट जागा. वखर-डवरे, पाहुणे, पोथी, भांडणाचा निवाडा, सगळं तिथंच. आत माजघर, त्याच्या मागे सैपाकघर, एका अंगाला बैलांचा कोठा आणि मागे सांदवाडी. तिथं न्हाणीच्या पाण्यावर वांगी आणि दोडक्याचे वेल वाढत. माजघराला खिडकी नसायची किंवा असली तर वीतभर. बाहेरच्या माणसाला हा अंधार खटकतो. पण ज्या मुलखात वर्षातले तीन महिने उन्हाच्या झळा सोसायच्या असतात, तिथे उजेडाबरोबर झळही आत येते. छपरीनं ऊन अडवायचं आणि माजघरानं गारवा धरून ठेवायचा, अशी ती वाटणी होती.

हिवाळ्यात याच छपरीत, मग माजघरात, कधी कधी निजायच्या खोलीतही कापूस भरलेला असतो. भाव चढेल या आशेनं शेतकरी वेचलेला कापूस घरात साठवतो आणि घरातली माणसं त्या ढिगाच्या कडेला जागा करून झोपतात. अंगाला खाज सुटते, चूल पेटवताना जीव मुठीत धरावा लागतो. घर किती खोल्यांचं हे इथं माणसांच्या संख्येइतकंच कापसाच्या भावावरही ठरतं. सरकारी नकाशात या कापसाची खोली कधीच धरलेली नसते.

आता छपराबद्दल थोडं सविस्तर, कारण या घराचं सगळं शहाणपण आणि सगळी अडचण तिथंच आहे. देशी कवेलू कुंभार चाकावर घडवतो. एका टोकाला किंचित निमुळतं होत जाणारं मातीचं नळकांडं काढायचं, ओलं असतानाच त्याला उभा छेद द्यायचा आणि त्याची दोन पन्हाळी कवेलं करायची. ती भाजली की छपरावर एक रांग उताणी आणि दोन रांगांच्या सांध्यावर दुसरी पालथी, अशी बसवत जायचं. खिळा नाही, चुना नाही. खाली फाटे आणि बांबूच्या कमच्या, वर आढं, दोन्ही बाजूंना उतरती पाखं. कवेलूंच्या मधल्या असंख्य फटींतून आतली तापलेली हवा आणि चुलीचा धूर निघून जातो, पाणी मात्र उतारावरून पन्हाळीनं खाली येतं. जाड भाजकी माती सावकाश तापते. तिच्यात मुरलेलं पावसाचं पाणी उन्हात उडून जाताना छपराला निववतं. उघड्या उन्हातल्या टिनाच्या पत्र्याचं तापमान मात्र 60 अंशांपलीकडे सहज जातं, आणि पत्रा पातळ असल्यानं ती सगळी धग तत्काळ खाली उतरते. हातभर जाडीच्या मातीच्या भिंतीतून उन्हाचा ताव आत पोचायला दहा-एक तास लागतात. तोवर रात्र झालेली असते आणि माणसं आंगणात खाटा टाकून झोपलेली असतात.

पण हे छप्पर दरवर्षी हाताखालून घालावं लागतं. रोहिणी सरत आल्या की गावोगाव कवेलू फेरायचं काम निघे. हलक्या अंगाचा, पाय कुठं ठेवायचा हे कळणारा माणूस आढ्यावर चढायचा. आढ्यापासून खाली एकेक रांग उचलायची, मधे साठलेला निंबाचा पाला, चिमण्यांची घरटी, उंदरांचं बीळ झाडून काढायचं, कुजलेली कमची बदलायची आणि फुटलेल्या कवेलूच्या जागी नवं घालून रांग पुन्हा बसवायची. खालून बायका टोपल्यांनी कवेलू वर देत. मृगाचा पाऊस कोसळायच्या आत हे झालं नाही तर पावसाळाभर घरात जागोजाग गंज आणि परात मांडून बसावं लागे. ही कला अंगात असलेली माणसं प्रत्येक गावात दोन-चार असत. आज त्यांच्यातले बहुतेक साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांच्या मुलांना छपरावर चढायचं नाही.

वानरांचा उपद्रव हे कवेलू जाण्याचं फार मोठं आणि लेखांतून क्वचितच येणारं कारण आहे. विदर्भातल्या गावांत वानरांच्या टोळ्या घरावरून घरावर उड्या मारत जातात. एका उडीत पाच-सहा कवेलू फुटतात आणि टोळी गेली की पाख्याची चाळण होते. जंगलातलं खाणं कमी झालं तशा या टोळ्या गावात मुक्कामाला आल्या. कवेलू फेरून आठ दिवस होतात न होतात तोच छप्पर पुन्हा फुटतं, तेव्हा शेतकरी टिन घालायला निघतो. त्याला पत्रा उष्ण असतो हे माहीत असतं. वानराच्या उडीनं पत्रा फुटत नाही, एवढं त्याला पुरतं.

दुसरं कारण बायांच्या हातात आहे. मातीचं घर सारवणावर जगतं. जमीन आठ-पंधरा दिवसांनी शेणानं सारवायची, भिंती सणासुदीच्या आधी पांढऱ्या मातीनं पोतारायच्या, पावसानं ओरबाडलेला पायथा पुन्हा लिंपायचा. हे काम घरच्या बाईनं शेतावरची मजुरी आणि चूल सांभाळून करायचं. मातीच्या घराची नवलाई सांगणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलेला मी फारसा वाचलेला नाही. फरशीच्या घराची पहिली मागणी घरोघरी बाईनंच केली असेल तर तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. त्यातून आता शेण आणायचं कुठून? गेल्या तीन-चार दशकांत जिल्ह्यातली ज्वारी हटली आणि सोयाबीन आलं. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तसे बैल कमी झाले आणि ट्रॅक्टर आला. बैलांचा कोठा मोटारसायकल ठेवायला उरला. कुटार, शेण, तुराटी, सवडीचे हात हे या घराचं भांडवल होतं आणि ते एका पिढीत आटलं. सागवान तर त्याआधीच सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. जंगलाच्या बाहेर वाढलेला बांबूसुद्धा कायद्यानं 2017 पर्यंत झाड मानला जात होता. आपल्या बांधावरचा बांबू तोडून न्यायचा तर परवान्याचे हेलपाटे. त्याच काळात शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या कारखान्यांचं सिमेंट आणि नागपूरकडच्या औष्णिक वीज केंद्रांच्या राखेच्या विटा गावातल्या दुकानापर्यंत पोचल्या. बांबूपेक्षा सिमेंट मिळवणं सोपं झालं.

बदल तसा जुना आहे. मुंबईहून येणारी रेल्वे 1867 मध्ये वर्ध्यावरून नागपूरला पोचली. मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये सपाट, खाचा असलेली यंत्रावरची कौलं काढायला सुरुवात केली होती. तसली कौलं रेल्वे स्टेशनांवर, बंगल्यांवर आणि जिनिंगच्या शेडवर चढली आणि पुढे गावच्या सधन घरांवर. लोक त्यांना आजही इंग्रजी कवेलू म्हणतात. कापसाचा पैसा आला की इंग्रजी कवेलू, सोयाबीनचा आला की टिन, घरकुलाचा आला की स्लॅब, असा गावाच्या छपरांवरून पैशाचा इतिहास वाचता येतो.

या सगळ्याच्या मधोमध सेवाग्राम आहे, आणि वर्ध्यातल्या घराविषयी लिहिताना ते टाळता येत नाही. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी सेगावला राहायला आले. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागल्यानं 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. पहिलं घर आदिनिवास. त्याचा खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये आणि सामान जवळपासचं असावं अशी गांधीजींची अट होती. खर्चाची मर्यादा पाळता आली नाही, सामानाची अट मात्र पाळली गेली. पुढे गांधीजी जिथं राहिले ती बापू कुटी मुळात त्यांच्या शिष्या मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली. मातीच्या भिंती, लाकडी खांब, बांबू, वर कवेलू आणि भोवती खोल छपरी. भिंतीवर मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा आजही पाहता येतो. म्हणजे आसपासच्या कुणब्याच्या घरात जे होतं तेच इथं होतं. फरक नीटनेटकेपणाचा आणि हवा-उजेडाचा होता. 1942 च्या जुलैत काँग्रेस कार्यकारिणीनं वर्ध्यात ‘भारत छोडो’चा ठराव केला, तेव्हा देशाचं राजकारण अशाच मातीच्या घरांतून चाललेलं होतं.

लॉरी बेकर या इंग्रज वास्तुविशारदानं गांधीजींची भेट घेतली होती आणि पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून घर बांधावं हा विचार आपण त्यांच्याकडून घेतल्याचं ते पुढे सांगत. केरळात त्यांनी तो विचार विटांत आणि चुन्यात आयुष्यभर राबवला. विचारवंत इव्हान इलिच 1978 च्या जानेवारीत सेवाग्रामला आले आणि बापू कुटीत बसून आलेल्या विचारांवरच बोलले. माणसानं राहायचं घर आणि सामान साठवायची कोठारं यांत त्यांनी फरक केला. त्यांचं ते भाषण जगभर वाचलं गेलं. तरी मला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. बापू कुटी आज इतकी सुंदर राहिली, कारण तिला सारवायला, लिंपायला, तिचे कवेलू फेरायला माणसं नेमलेली आहेत. ज्या घराला तेवढी माणसं मिळतील तेच मातीचं घर टिकेल. सेवाग्रामपासून चार किलोमीटरवरच्या शेतमजुराला ती मिळत नाहीत.

आणखी एक बाजू आहे. गावाच्या पांढरीवर सगळ्यांना सारखी जागा कधीच नव्हती. उंच, कोरडा भाग पाटलाचा आणि शेतकऱ्यांचा. महारवाडा गावाबाहेर, अनेकदा नाल्याकडच्या सखल अंगाला. तिथं जाड मातीच्या भिंतीही नव्हत्या, होता तो कूड, आणि पावसाळ्यात घरात पाणी. गोंड-कोलाम वस्त्यांतही कूडच होता, पण तिथं बांबूचं काम इतकं नेटकं असे की पाहत राहावं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवावर कठोर टीका केली, ती याच अनुभवातून. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच्या रमाई आवास योजनेतून उभं राहिलेलं सिमेंटचं घर बौद्ध वस्तीतल्या कुटुंबाला मिळतं तेव्हा त्या घराच्या भिंतीची किंमत अंशांत मोजून चालत नाही. गावानं ठरवून दिलेल्या झोपडीतून बाहेर पडल्याची ती खूण असते. त्या घराला उकाड्याचं घर म्हणून नावं ठेवायचा अधिकार मला नाही. ते घर अधिक गार व्हावं असं म्हणायचा मात्र आहे.

मातीच्या घराची भीतीही खरी आहे. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे झाला आणि लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं घरांखाली गाडली गेली. त्या घटनेनंतर महाराष्ट्रभर दगडमातीचं घर म्हणजे मरण, असा ग्रह झाला. मराठवाड्यातली ती घरं गोट्यांच्या जाड भिंतींची आणि वर हातभर मातीचा थर असलेल्या माळवदाची होती. भिंत उकलली आणि टनावारी माती अंगावर आली. वर्ध्याच्या कुडाचं आणि कवेलूचं घर हलकं, लाकडी सांगाड्यावर उभं. त्याची मोडायची तऱ्हा वेगळी, ती मुख्यतः उधई लागलेल्या खांबाची आणि पुराच्या पाण्यात विरघळलेल्या पायथ्याची. पण सरकारी कागदावर दोन्ही घरं एकाच शब्दात बसतात : कच्चं.

या शब्दानं मोठं नुकसान केलं आहे. 1985 मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेची जागा 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण)ने घेतली. तिची पात्रता 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतून ठरली. बेघर कुटुंबं आणि कच्च्या भिंती, कच्चं छप्पर असलेल्या दोन खोल्यांपर्यंतच्या घरांत राहणारी कुटुंबं तिच्यात आली. मातीची भिंत कितीही जाड आणि सुकी असली तरी कच्ची. टिनाचा पत्रा मात्र पक्क्यात. ज्या छपराखाली मे महिन्यात माणूस बसू शकत नाही ते छप्पर पक्कं ठरतं. योजनेत मैदानी भागासाठी 1 लाख 20 हजार रुपये आणि किमान 25 चौरस मीटरचं घर असा हिशेब धरला गेला. रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार वेगळे. 25 चौरस मीटर म्हणजे जेमतेम 270 चौरस फूट. त्यात दोन खोल्या आणि सैपाकाची जागा बसवली की छपरीला जागा उरत नाही. आणि छपरी गेली की ऊन थेट भिंतीवर येतं. पैसा संपला की स्लॅबऐवजी टिन पडतं, भिंतीला गिलावा राहून जातो आणि मग जुन्या घराच्या सांगाड्याचे सागवानी खांब विकून दरवाजा बसवला जातो.

नव्या घरांना तडे जातात याचंही कारण पुन्हा जमिनीत आहे. जुनं गाव पांढरीवर होतं, नवे ले-आउट पडतात ते शेतात, काळीवर. अकृषक परवाना मिळाला म्हणून काळी माती फुगायची थांबत नाही. विटा-सिमेंटची कडक भिंत, तिच्याखाली दोन-अडीच फुटांचा पाया आणि त्याखाली पावसाळ्यात वर उचलणारी, उन्हाळ्यात खाली बसणारी जमीन. अशा भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जायला दोन वर्षं पुरतात. काळी ओलांडून मुरमापर्यंत पाया नेणं, खाली मुरूम भरून ठोकणं, पाया आणि खिडकीच्या वर सळईचा पट्टा घालणं, हे उपाय प्रत्येक अभियंत्याला ठाऊक आहेत. घरकुलाच्या रकमेत ते बसवताना ओढाताण होते आणि जमिनीखालचा खर्च फोटोत दिसत नाही.

गार घर जाऊन तापणारं घर यावं, हे फक्त आपल्याकडे घडलं नाही. मलेशियातलं पारंपरिक मलय घर खांबांवर उचललेलं असतं. दमट हवेत वारा खालून-वरून खेळावा, पुराचं पाणी खालून जावं म्हणून. भिंती लाकडाच्या, खिडक्या जमिनीपासून, वर निपा ताडाच्या झावळ्यांचं उतरतं छप्पर. मधलं मुख्य घर आधी बांधायचं आणि कुटुंब वाढेल तसं पुढे-मागे जोडत जायचं. लिम जी युआन यांनी 1987 मध्ये मलय घरावर पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं बारकाईनं मांडलं आहे. तिथंही झावळ्या दर काही वर्षांनी बदलाव्या लागत. त्यांच्या जागी जस्ताचा पत्रा आला आणि गारव्यासाठी बांधलेलं घर दुपारी तापू लागलं. पुढे सरकारी आणि शहरी वसाहतींची सिमेंटची घरं जमिनीवर उतरली. त्यांचं हवामान दमट, आपलं कोरडं. त्यांच्या भिंतीतून वारा जायला हवा, आपल्या भिंतीनं झळ अडवायला हवी. घरं एकमेकांच्या अगदी उलटी, पण दोन्हीकडे छप्पर आधी पडलं.

वर्ध्याचं भाग्य असं की छपराच्या या प्रश्नावर इथं प्रत्यक्ष काम झालेलं आहे. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ 1934 मध्ये वर्ध्यात मगनवाडीला सुरू झाला. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तो चालवला आणि 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. त्याच परंपरेत देवेंद्रकुमार यांनी 1976 मध्ये सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस ही संस्था उभी केली. तिथं घडलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कवेलूची मागणी संपत चालली तेव्हा कुंभारानं करायचं काय आणि लाकूड-लोखंड न वापरता छप्पर घालायचं कसं, या दोन प्रश्नांना मिळून एक उत्तर काढलं गेलं. कुंभारानं चाकावर शंकूच्या आकाराची, पेल्यासारखी पोकळ कवेलं घडवायची. एकाचं निमुळतं टोक दुसऱ्याच्या तोंडात बसवत त्यांची कमान करायची. खाली सरकता लाकडी साचा धरायचा, एका कमानीला लागून दुसरी, अशा कमानी ओळीनं घालून खोली झाकायची आणि वरून गिलावा करायचा. सळई नाही, मयाल नाही. प्रत्येक कवेलूच्या पोटात हवा कोंडलेली, त्यामुळे उन्हाची धग खाली उतरायला वेळ लागतो. वानराच्या उडीनं ते फुटत नाही, उधई लागत नाही, कवेलू फेरावे लागत नाहीत. गावातली तिन्ही रडगाणी तिथं संपतात.

इजिप्तमध्ये वास्तुविशारद हसन फथी यांनी 1940च्या दशकात न्यू गुर्ना हे गाव कच्च्या विटांच्या कमानींनी आणि घुमटांनी बांधलं होतं, तेही लाकूड टाळण्यासाठीच. ज्यांच्यासाठी ते बांधलं त्या गावकऱ्यांनी तिथं जायला नकार दिला. वर्ध्याचं कमानीचं छप्परही प्रात्यक्षिकापलीकडे गावोगाव पसरलं नाही. कमानीचा भार भिंतीला बाहेर रेटतो, म्हणून तो सांभाळणारा गवंडी लागतो आणि असा गवंडी तालुक्याला एखादा. वर मजला चढवता येत नाही. आपल्या शेतकऱ्याला स्लॅब हवा असतो त्याचं अर्धं कारण हे की त्यावर मिरच्या-तूर वाळवता येते, पुढेमागे मुलासाठी खोली काढता येते. घराचा हा उपयोग कुठल्याही नव्या छपराला द्यावाच लागेल. माझ्या मते ही पद्धत कमी पडली ती इथं, गारव्यात किंवा मजबुतीत नव्हे. गच्चीवर जायची सोय असलेली कमान आणि पंचायत समितीच्या पातळीवर शिकवलेले वीस-पंचवीस गवंडी एवढं झालं असतं तर जिल्ह्यातल्या निम्म्या टिनांची गरज पडली नसती.

जुनं घर जसंच्या तसं परत येणार नाही, आणि ते आणायला जाणं म्हणजे बायांच्या डोक्यावर पुन्हा शेणाची पाटी देणं. पण त्या घराचे काही गुण सिमेंटच्या घरातही ठेवता येतात आणि त्यांना फार पैसा लागत नाही. तुमचं घरकुल मंजूर झालं असेल तर पाया काळी ओलांडून मुरमापर्यंत न्या, खोली चार फुटांनी लहान झाली तरी चालेल. पश्चिमेच्या भिंतीला छपरी जोडा, ती कवेलूची किंवा तट्ट्याची असली तरी दुपारचं ऊन अडतं. स्लॅबवर दर मार्चमध्ये चुन्याचा जाड हात द्या, घर काही अंशांनी उतरतं. तेलंगणानं 2023 मध्ये अशा पांढऱ्या छपरांसाठी राज्याचं धोरणच केलं. टिन घालावंच लागलं तर त्याच्याखाली बांबूच्या तट्ट्यांचं छत करा आणि मधे वीतभर हवा खेळू द्या. जुन्या घराचे खांब, मयाली आणि दारं फिरत्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात देऊ नका, छपरीला तेच लागणार आहेत.

आणि एक गोष्ट लक्षात असू द्या. घर लाभार्थ्यानं स्वतः बांधावं, ठेकेदाराकडे देऊ नये, आणि स्थानिक हवामान व सामान पाहून केलेले घरांचे वेगवेगळे नमुने त्याच्यापुढे ठेवावेत, असं प्रधानमंत्री आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पुढच्या ग्रामसभेत ते नमुने मागा.